विहिरीची खुंटी

४ ऑक्टोबर

मास्तरीणबाई, नमस्कार.

नमस्काराच्या पुढे 'विनंती विशेष' लिहितात, पण माझी विनंती नाही, तक्रार आहे. तुमच्या वडिलांनी काल सकाळी माझ्या ऑफिसच्या दारात खाट आणून टाकली आणि तिच्यावर आडवे झाले. खाटेखाली फौजदार नावाचा तांबडा कुत्रा. आत जायचं तर मला खाट ओलांडावी लागते आणि मग फौजदार माझी चौकशी करतो. तुमचा पत्ता त्यांनीच दिला. "लिहा, खुशाल लिहा. ती माझ्याहून तिरसट आहे," म्हणाले.

मी कोण ते आधी सांगते. तुमची जमीन ज्या कोळशाच्या खाणीसाठी करारावर घेतली होती, ती खाण बंद झाली. तो खड्डा भरायचा, वर माती पसरायची, गवत आणि झाडं लावायची आणि जमीन मालकाच्या ताब्यात द्यायची, हे काम माझ्याकडे आहे. अशा बऱ्याच जमिनी मी आजवर परत केल्या. मालक लोक 'लवकर द्या' म्हणून माझं डोकं खातात. पण 'घेत नाही' म्हणणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. ऐकून मी थक्कच झाले.

"ही माझी जमीन नाही," ते म्हणाले.

"मग कोणाची आहे?"

"ते तुम्हाला माहीत. माझ्या जमिनीत विहीर होती. माझी जमीन आणा, मी घेतो."

दोन वर्षं मी या उतारावर राबले आहे हो. दगड वेचले, पाण्याला वाट करून दिली, गवत उगवलं नाही तेव्हा पुन्हा पेरलं. आणि हे सगळं बघून तुमचे वडील मला 'मातीबाई' म्हणतात, तेही सगळ्या ड्रायव्हर लोकांसमोर! आता सगळेच म्हणायला लागले आहेत. तुम्ही त्यांची समजूत काढा. खाट हलली नाही तर मी खिडकीतून ये-जा करणार आहे, आणि माझं वजन पाहता ते कोणाच्याच हिताचं नाही.

आपली,
मातीबाई (काय करणार!)

•

१६ ऑक्टोबर

मातीबाई, नमस्कार.

तुमची तक्रार मंजूर. पण ज्यांच्याविरुद्ध आहे त्यांच्यावर माझा काही अधिकार चालत नाही. इथे डोंगरातल्या शाळेत टपाल आठवड्यातून दोनदा येतं. फोन मुख्याध्यापकांच्या खोलीत आहे आणि त्यावर बोलायचं म्हणजे सगळ्या शाळेला ऐकवायचं. म्हणून पत्रच बरं.

खाणवाल्यांच्या करारावर बाबांनी सही केली तेव्हा मी तिसरीत होते. आम्ही शहरात एका शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायला गेलो. घरातलं सामान मागे राहिलं, पण विहिरीची लोखंडी कप्पी बाबांनी काढून आणली. ती त्यांच्या खाटेखाली असते. पाणी ओढायचा दोर ज्यावरून फिरतो ती. दर वर्षी ते तिला तेल देतात आणि हाताने फिरवून बघतात. नसलेल्या विहिरीची कप्पी! मी लहानपणी मैत्रिणींना सांगायचे, आमच्याकडे चाक आहे, गाडी यायची आहे.

ती विहीर बाबांनी आणि आईने दोघांनी मिळून खणली होती. बाबा खणायचे, आई वर माती ओढायची. पाणी लागलं त्या दिवशी दोघं इतकी दमली होती, की पाणी पिऊन तिथेच झोपली म्हणे. शहरात नळाचं पाणी पिताना आई दर वेळी एक घोट घेऊन म्हणायची, "ते पाणी वेगळं होतं." मग पुढचं पिऊन टाकायची. परत जाऊ म्हणता म्हणता ती त्याच खोलीत गेली. सही केल्याबद्दल तिने बाबांना कधी बोल लावला नाही. मी लावला, पुष्कळ.

एक सुचवू? तुमच्याकडे जुने नकाशे असतीलच. घर कुठे होतं, विहीर कुठे होती, तेवढी जागा त्यांना दाखवा. त्यांना तिथे काहीच ओळखू येत नसणार, म्हणून घेत नाहीत. खूण सापडली की माणूस निवतो.

आपली,
मास्तरीण

•

२ नोव्हेंबर

मास्तरीणबाई,

तुम्ही शाळेत वाया जाताय, तुम्हाला वकील करायला हवं होतं. तुमचा उपाय लागू पडला, आणि असा लागू पडला की मी अजून सावरले नाही.

जुना नकाशा काढला. मोजणीवाल्याला घेऊन गेलो, त्याने यंत्र लावून विहिरीची जागा बरोबर काढून दिली. तिथे मी स्वतः खुंटी ठोकली आणि वर लाल फडकं बांधलं. मग मालकांना बोलावलं. म्हटलं, "ही घ्या तुमची विहीर."

ते बराच वेळ लांबूनच बघत होते. मग जवळ आले, खाली बसले, खुंटीशेजारी तळहात टेकवला आणि रडायला लागले. आवाज करून, मास्तरीणबाई. ज्या माणसाने मला महिनाभर सळो की पळो केलं, तो लहान पोरासारखा रडत होता. कोणी रडलं की काय करावं मला सुचत नाही. मी सरळ चहा आणायला गेले आणि मुद्दाम उशीर केला.

दुसऱ्या दिवशी खाट गायब! म्हणाले, "आता कामाला लागतो." आमचे जुने पत्रे मागून घेतले आणि खुंटीच्या भोवती एक खोली उभी केली, दाराला कुलूप घातलं. अवजारं ठेवायला आणि खुंटी कोणी मोडू नये म्हणून. ताबा घ्यायच्या आधी काही बांधायचं नसतं, असा नियम आहे. पण आनंदी मालक हा माझ्या नोकरीतला दुर्मिळ पक्षी आहे, त्याला उडवून लावायचं माझ्या जिवावर आलं. तुमची ती कप्पी त्यांनी खोलीत आडव्या वाशाला टांगली आहे. मला आत बोलावून फिरवून दाखवली. काय फिरते हो, आवाजसुद्धा नाही.

आपली,
मातीबाई (आता मलाच आवडायला लागलं आहे)

•

२० नोव्हेंबर

मातीबाई,

मी हातात बाबांचं पत्र घेऊन बसले आहे. तुम्हाला यातलं नवल कळणार नाही. आई गेल्यापासून बाबांनी मला एक ओळ लिहिली नव्हती. आता हे आलं. उतरवून देते: "चि. पोरीस आशीर्वाद. तुझी अट लक्षात आहे. मी रोज कामाला जातो. उन्हाळ्याची सुट्टी कुठे घालवू नकोस."

अट कुठली, हे आठवायला मला दोन तास लागले. मागे एकदा ते फार मागे लागले होते, परत चल, जमीन मिळणार आहे, घर बांधू. त्यांचं तोंड बंद करायला मी म्हणाले होते, "विहिरीला पाणी लागलं की येते." म्हणजे कधीच नाही, असा त्याचा अर्थ. आता तुमची खुंटी बघून त्यांनी अट पुरी झाली असं धरलेलं दिसतं. बरं झालं, मी स्वस्तात सुटले. एका खुंटीवर म्हातारा खूश आणि मला यावं लागणार.

खरं सांगू का, मला यावंसं वाटतंय. हे वाचून मलाच धक्का बसला आहे. मुख्याध्यापकांकडे सुट्टीचं बोलले, तर ते म्हणाले, "तुम्हाला घर आहे?" इतक्या वर्षांत मी कधी कुठे गेलेच नाही ना.

बाबांची तब्येत कशी आहे तेवढं लिहा. ते स्वतः सांगणार नाहीत.

आपली,
मास्तरीण

•

२८ डिसेंबर

मास्तरीणबाई,

पत्राला उशीर झाला, कारण मी सध्या मिरवते आहे. सांगते तर तुम्हाला खोटं वाटेल.

थंडी एवढी पडली आहे की सकाळी सगळ्या उतारावरचं गवत पांढरं होऊन करपलेलं असतं. आणि तुमच्या वडिलांच्या खोलीभोवती मात्र हिरवंगार! दव पडतं आणि गोठायच्या आधी सुकतं. गवत एवढं वाढलंय की फौजदार त्यात दिसत नाही. तोही हुशार, दिवसभर तिथेच पसरलेला असतो. मुख्य ऑफिसमधून साहेब आले, त्यांनी फोटो काढले, "ही माती कुठली?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, इथलीच. खाण सुरू करताना सगळ्या मालकांच्या शेतांतली वरची माती खरवडून वेगळ्या ढिगात जपून ठेवतात आणि शेवटी ज्याची त्याच्याच जमिनीवर पसरतात. तुमची तुमच्यावर पसरली. साहेबांनी माझी पाठ थोपटली, मास्तरीणबाई! या खात्यात पाठीत फक्त धपाटे बसतात.

आणि मालकांच्या कामाची तर कमाल आहे. त्यांनी जमिनीच्या खालच्या कडेला एकट्याने बांध घातलाय. रोज बघावं तर हातभर वाढलेला. माती काळसर आहे, इकडची तिकडची गोळा करत असतील. या वयात एवढं बळ कुठून आणतात, मी तोंडात बोट घालते.

एकच तक्रार. वाळले आहेत फार. डोकं दुखतं म्हणतात, खोकतात, आणि डॉक्टरचं नाव काढलं की बहिरे होतात. त्यात विडी ओढायला लागले आहेत. खोलीपाशी गेलं की जळक्या काडीसारखा उग्र वास येतो. मी विचारलं तर हसले नुसते. तुम्ही जरा खडसावून लिहा. माझं ऐकत नाहीत.

आपली,
मातीबाई

•

९ जानेवारी

मातीबाई,

तुम्ही मोठ्या पोटाच्या आहात हो! एवढी गोष्ट पोटात ठेवलीत आणि मला गवताच्या कथा सांगत बसलात. बाबांच्या कालच्या पत्रातून सगळं फुटलं. तुम्ही त्यांना विहीर खणू देताय!

त्यांनी लिहिलंय: "तुला अचानक दाखवणार होतो, पण राहवत नाही. खुंटीखाली पुरुषभर गेलो. वरची माती कठीण होती, आता मोकळी लागते. खाली ऊब आहे. सकाळी दार उघडलं की वाफ येते. तुला आठवतं का, थंडीत आपली विहीर अशीच वाफाळायची. कान लावला की आवाजही येतो. पाणी जवळ आलं. तू ये."

मला आठवलं, मातीबाई. विहिरीच्या काठाशी आई उभी आहे आणि तिच्या तोंडापुढे वाफ, हे माझ्या लहानपणचं सगळ्यात जुनं चित्र आहे. मी वर्गात बसून रडले. मुलांना सांगितलं, डोळ्यांत खडू गेला.

तुम्ही त्यांची विहीर नुसती बुजवून ठेवली होतीत, मोडली नव्हतीत, आणि आता ती त्यांची त्यांना उकरू देताय. याबद्दल तुमचे आभार कसे मानू? खाणवाल्यांना मी आयुष्यभर शिव्या दिल्या. त्यातल्या तुमच्या वाट्याच्या परत घेते. एप्रिलमध्ये येते. सुट्टी मंजूर झाली.

आणि हो, वास विडीचा नसणार. बाबांनी माझ्या जन्माच्या वेळी विडी सोडली, त्यानंतर कधी शिवले नाहीत. खोलीत तेलाचा दिवा वगैरे लावत असतील.

तुमची,
मास्तरीण

•

१७ जानेवारी

मास्तरीणबाई,

फोनवर तुमच्या मुख्याध्यापकांना एवढंच सांगितलं की वडील दवाखान्यात आहेत आणि जिवंत आहेत. दरड कोसळून तुमचा रस्ता बंद आहे, हेही त्यांनीच सांगितलं. आता नीट लिहायला बसले आहे.

तुमचं पत्र मला दुपारी मिळालं. मी ऑफिसच्या पायरीवर उभी राहून हसत हसत वाचायला सुरुवात केली. 'खाली ऊब आहे' इथे आले आणि पुढचं मला दिसेनाच. हिरवं गवत, सुकणारं दव, फौजदार, काळी माती, तो वास. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, मास्तरीणबाई. मी साहेबांकडून त्याचे फोटो काढून घेतले होते. पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, ती माझ्याच हाताने घातलेली होती.

तुम्हाला समजेल असं सांगते. खड्डा भरताना दगड-मातीबरोबर कोळशाचा उरलेला चुरा खाली जातोच. त्याला हवा मिळाली की तो आपोआप तापतो आणि आतल्या आत धुमसायला लागतो. म्हणून वर चिकणमातीचा जाड थर रोलरने दाबून बसवतो, झाकणासारखा. तुमच्या वडिलांना जी 'कठीण माती' लागली ती तीच. ते झाकण त्यांनी कुदळीने फोडलं. त्यातून जो धूर निघतो त्यात एक विषारी वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस गुंगून पडतो.

मी धावले. वाटेत पोकलेनचा ड्रायव्हर दिसला, त्याला हाक मारली. दार आतून ओढून घेतलेलं होतं. ड्रायव्हरने लाथेने उघडलं. आत पाहिलं आणि मी किंचाळले. खुंटी होती तिथे भोक होतं, गोल, काठ नीट तासलेले, विहिरीचेच. शिडी लावलेली. तळाशी फौजदार पडलेला. आणि मालक शिडीच्या मध्यावर, एक हात पायरीत अडकलेला, मान खाली. कुत्रा आत पडला म्हणून काढायला उतरले असणार.

ड्रायव्हर उतरायला निघाला, त्याला मी धरून ठेवलं. तिथे उतरणारा दुसराही पडतो, हे मी स्वतः लोकांना शिकवते. मग सगळे पत्रे पाडले, वारा आत घेतला. कप्पीवरून दोर सोडलेला होताच, टोकाला माती ओढायची बादली. ड्रायव्हर श्वास रोखून दोन पायऱ्या उतरला, त्यांच्या काखेतून दोर घातला आणि वर आला. मग आम्ही दोघांनी ओढलं. तुमच्या बाबांना त्या कप्पीने वर काढलं, मास्तरीणबाई. कप्पी करकरलीसुद्धा नाही. फौजदार गेला.

आता पुढचं. हे लिहू नये असं वाटतं, पण विहिरीबद्दल मालकांची जी चूक, तीच तुमच्या पत्रातही आहे, म्हणून लिहावंच लागेल.

काल ते नीट शुद्धीवर आले. मला बघून म्हणाले, "पाणी लागलं होतं. आवाज येत होता, झऱ्यासारखा."

"मालक, तो आवाज आगीचा होता."

"म्हणजे विहीर अजून खाली असेल."

मी म्हटलं, "मालक, विहीर नाही."

"बुजवली आहे. ठाऊक आहे मला."

"बुजवली नाही. कोळसा काढायला सगळी जमीनच उचलली. तुमच्या दहा विहिरी एकीवर एक ठेवल्या असत्या तरी वर दिसल्या नसत्या, एवढा खोल खड्डा होता इथे. त्यात विहीर कुठे राहील?"

खाण चालू असताना त्यांना कधी कुंपणाच्या आत कोणी सोडलंच नव्हतं. त्यांना वाटत होतं, बाजूने बोगदे घालून कोळसा काढला, वर थोडं उकरलं, विहिरीत माती टाकली. मला वाटत होतं, हे कोणाला सांगायची गोष्टच नाही, सगळ्यांना माहीत असतं.

मग म्हणाले, "त्या खुंटीखाली काय आहे?"

"आम्ही भरलेली माती."

"मग खुंटी कशाची ठोकलीत?"



तुमची,
मातीबाई

•

२३ जानेवारी

मातीबाई,

रस्ता अजून बंद आहे. टपालाची थैली तेवढी दरडीवरून दोराने ओढून घेतात, माणसांना जाऊ देत नाहीत. दोन दिवस झाले, एकेक दगड बाजूला करताहेत आणि मी खिडकीतून बघत बसले आहे.

मला तुमचा राग आलाय. जागा दाखवा, असं मीच सांगितलं होतं, तरी राग तुमच्यावरच येतो, कारण तुम्ही तिथे होतात. तुम्ही रोज त्या खोलीवरून जात होतात. माती कुठून येते एवढं एकदा विचारायचं होतंत. फोटो कसले काढून घेत होतात?

हे लिहिलं आणि थांबले. आता दुसरं लिहिते.

मी इथे भूगोल शिकवते. उघड्या खाणीची आकृती दर वर्षी फळ्यावर काढते. पायऱ्या पायऱ्यांचा खोल खड्डा, तळाशी काळा थर. मुलं वहीत उतरवून घेतात. आणि तरीही माझ्या डोक्यात आमची विहीर खाली कुठेतरी शाबूत होती. काठ, पायऱ्या, आत पाणी, सगळं. मातीखाली झाकलेली, उकरली की दिसेल अशी. बाबांना माहीत नव्हतं, मला तर माहीत होतं ना! मग मी तुमचे आभार कशाचे मानले? तुमचं पत्र वाचून मला असा धक्का बसला, जणू विहीर त्याच दिवशी गेली. आईसुद्धा पुन्हा गेली.

आणि ती अट. तोंड बंद करायला म्हणून बोलले आणि विसरूनही गेले. त्यांनी तेवढ्या एका वाक्यावर कुदळ उचलली. खोकत, डोकं धरून, पुरुषभर खणलं त्यांनी, मी यावं म्हणून.

त्यांना हे वाचून दाखवा. मोठ्याने वाचा, बहिरे होऊ देऊ नका: बाबा, अट नव्हती. मी नुसतं बोलले होते. विहीर नाही, तरी मी येते. एप्रिलची वाट बघत नाही, रस्ता उघडला की निघते.

मास्तरीण

•

५ फेब्रुवारी

चि. पोरीस आशीर्वाद.

तुझं पत्र मातीबाईने वाचून दाखवलं. अर्ध्यावर तिने कागद माझ्या हातात दिला, मग उरलेलं मी वाचलं. मला दवाखान्यातून सोडलं. छाती अजून भरून येते, पण चालतो. रस्ता उद्या-परवा उघडेल असं रेडिओवर सांगितलं. हे पत्र तुला पोचेल की तू आधी निघशील, ठाऊक नाही. लिहून ठेवतो.

मातीबाईवर रागावू नकोस. मला बरं वाटावं म्हणून तिने खुंटी ठोकली, आणि मला बरं वाटलं होतं. मी तिला सांगितलं, तुला वाटलं विहीर गेली हे मला माहीत आहे, आणि मला वाटलं विहीर खाली आहे हे तुला माहीत आहे. दोघंही शहाणे. त्यावर ती हसली आणि मग रडली. मी चहा आणायला गेलो.

जमिनीचं सांगतो. तो सगळा कोपरा पुन्हा उघडावा लागतो आहे. पोकलेनने तापलेला चुरा बाहेर काढतात, लांब पसरून विझवतात, मग नवीन माती भरून पुन्हा दाबणार. ताबा एक वर्ष पुढे गेला. साहेब आले होते. या वेळी त्यांनी मातीबाईची पाठ थोपटली नाही. मी मध्ये पडलो, म्हटलं, खणलं मी, तिला कशाला बोलता? ते म्हणाले, तुम्ही मालक आहात. मी म्हटलं, कशाचा?

खणायच्या आधी मातीबाईने वरची माती खरवडून बाजूला ढीग करून घेतला. मला ढिगापाशी नेलं आणि म्हणाली, "मालक, खोटं बोलणार नाही. खालचं सगळं आम्ही भरलेलं. ही वरची वीतभर तेवढी तुमची. तुमच्या शेतातली, तुमच्या अंगणातली." मी हातात घेतली. ओळखू आली का म्हणून तिने विचारलं. नाही आली, पोरी. खोटं कशाला सांगू? मातीसारखी माती. तरी मी रोज ढिगापाशी जाऊन बसतो. फौजदारला ढिगाच्या कडेला पुरलंय. माझ्या आधी आत उडी घेतली त्याने. मी त्याला सारखं सांगायचो ना, बघ रे, पाणी लागलं का.

सहीचं तू मला खूप बोललीस. आई बोलली नाही. मला वाटायचं, विहीर खाली आहे तोवर मी काही मोठं घालवलं नाही, नुसतं झाकून ठेवलंय, पोर मोठी झाली की उघडून देईन. दवाखान्यात कळलं की ते सही केली तेव्हाच गेलं होतं. इतकी वर्षं मी कप्पीला तेल देत होतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण कप्पी वाया गेली असंही म्हणवत नाही. तिने शेवटी मला वर काढलं.

घर कुठे बांधायचं ते मी ठरवलेलं नाही. इथे माझ्या ओळखीचं आता काही नाही, तुझ्याही नाही. आपण दोघं मिळून फिरू आणि बघू. मातीबाई म्हणते, त्या कोपऱ्याला अजून तीन वर्षं नुसतं गवत ठेवा. ठेवू.

पाणी सध्या टँकरने येतं. गढूळ असतं. तुला पोटाला बाधायचं, म्हणून दोन हंडे भरून निवळत ठेवलेत.

बाबा